जिन्याखालचं मंडळ

तुम्ही बोलावलंत, विषय दिलात, "मंडळाची स्थापना."
खरं सांगू? स्थापना वगैरे काही झाली नाही.
एका दाराला कडी हवी होती, इतकंच.

साल अडुसष्ट. अख्ख्या इंजिनिअरिंगला मुली चार.
कुमुद पाटणकर, मेहरू तांबोळी,
फलटणची हिरा शेंडे, आणि मी.
कमरेला पदर खोचून वर्कशॉपमध्ये लोखंड कानसायचो,
आणि मधल्या सुट्टीत एकदम चार सायकली
कुंभारवेशीवरून कसब्यात, मेहरूच्या खालाकडे.
कशाला, ते कुणी विचारलं नाही.
आम्हीही सांगितलं नाही.
कॉलेजला मनोरा होता, घड्याळ होतं,
पोर्चमध्ये पितळी घंटा होती.
मोरी नव्हती.

जिन्याखाली खडूच्या पेट्यांची खोली होती.
रजिस्ट्रारांनी अर्ज तीनदा परत केला,
चौथ्यांदा चष्मा वर करून म्हणाले,
"खोली मंडळाला मिळते, मुलींना नाही. नाव काय मंडळाचं?"
हिरा घाईत म्हणाली, "मंडळ."
कागदावर तेच राहिलं.
तेच तुमच्या बॅनरवर आहे.

मंडईमागे एका कुलपाच्या चार किल्ल्या करून घेतल्या.
"चार सुना का एका घरात?" किल्लीवाल्यानं विचारलं.
नव्या पुलापर्यंत हसत होतो.

मग वही आली. वही आली की नियम आलेच.
एक. रडायचं असेल तर आतून कडी लावावी.
दोन. जर्नल कुणाचंही असो, ते सगळ्यांचं.
तीन. वर्गणी आठ आणे. आधी वर्गणी, मग किल्ली.
तिसऱ्याचं अक्षर माझं आहे.
सुवाच्य आहे. बघा हवं तर.

एकाहत्तरला यमुना भालेराव आली, करमाळ्याची.
म्हणाली, स्कॉलरशिप महिनाअखेरीस येते, तेव्हा देते.
आम्ही म्हटलं, मग किल्लीही तेव्हाच.
सत्तावीस दिवस ती बाहेर पायरीवर
थर्मोडायनॅमिक्स वाचत बसली.
आम्ही तिला ओलांडून आत जायचो,
पदर सावरून.
सावरायचो तो कशासाठी, पायरीच्या धुळीसाठी?
आठ आण्यांचंच होतं का ते?
वहीत याची नोंद नाही.

पुढच्या वर्षी सेक्रेटरी तीच झाली.
तिसरा नियम तिनं खोडलासुद्धा नाही.
शेजारी दोन शब्द लिहिले, "किल्ली आधी."

त्यानंतरचं तुम्हाला अहवालात मिळेल.
अकरा झालो, एकोणतीस झालो,
खिडकी पाडून घेतली, पंखा, मग दुसरी मोरी.
हिरा भिलाईला, कुमुद बाळंतपणात गेली,
तिची किल्ली तिच्या आईनं आणून दिली, फडक्यात बांधून.
मग कॉम्प्युटरची पहिली बॅच आली, एकदम साठ जणी,
किल्ल्या कुणी किती करायच्या?
कुलूपच काढून टाकलं.
मी तेव्हा इथं नव्हते. ऐकून मात्र
घरी भाजी चिरता चिरता थांबले होते.

आज तुमच्या टी-शर्टावर किल्ली छापली आहे.
छान आहे. दाते चुकलेत,
या किल्लीनं काही उघडायचं नाही,
पण आता उघडायला तरी काय उरलंय.

यमुनाला तुमचं निमंत्रण पोचलं.
उत्तर तिनं मला पाठवलं, तुम्हाला नाही.
"गुडघे साथ देत नाहीत. वर्गणी सोबत जोडली आहे."
पाकिटात आठ आण्यांचं एक नाणं.
चालत नाही ते आता कुठे.

खजिनदार कोण आहे तुमच्यात?
ये, पुढे ये बाळ. जमा करून घे.
पावती तेवढी
माझ्या नावानं फाडू नकोस.