बारशाचं नाव

बाराव्या दिवशी आत्याने वाकून
माझ्या उजव्या कानात सांगितलं, मंजुळा.
बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले.
नाव पोचलंच नाही हे कळायला
घराला दोन वर्षं लागली.

आमच्याकडे पाण्याला उदक म्हणतात.
पणजीच्या बाई म्हणाल्या, उदक ओठांवर दिसत नाही,
पाणी म्हणा, प दिसतो.
तेव्हापासून माझ्यापुरतं
सगळं घर पाणी म्हणू लागलं.
आरशासमोर आई नि मी,
ओठांपुढे कागदाचा कपटा.
प म्हटला की तो हलायला हवा.
मी नुसती फुंकर मारायचे.
आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

चवथीला माटोळीखाली सगळे एकदम हसत.
मी काकीचा दंड ओढायचे, काय?
‘मागीर सांगतां.’
हे दोन शब्द मला पाठमोरेही वाचता येतात,
खांद्यावरून.

सोळाव्या वर्षी जोविता भेटली, पणजीच्या बसस्टँडवर.
रायबंदरच्या पोदेराची लेक, नखांत पीठ.
तिने माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ,
मग आपल्या भुवईवर तर्जनी टेकवून वर झटकली.
ही तू.
माझ्या तिथे व्रण आहे.
मागून सायकल आली होती, चार वर्षांची असताना.
सगळे ओरडले होते म्हणे.

त्या रात्री अंथरुणात मी मला हाक मारली.
काळोखात बोट कपाळाला लागलं
आणि मी ओ दिली.

चोडणच्या फेरीबोटीचं इंजिन तळपायांतून वर चढतं.
लोक एकमेकांच्या कानांत तोंड घालून बोलतात,
तरी ‘आं? आं?’ करतात.
नदीच्या मध्यावर दुसरी बोट शेजारून जाते,
तिच्यावर जोविता, पावाची टोपली पायांत धरून.
तेवढ्यात आमचं कालचं भांडण मिटतं,
रविवारचं ठरतं,
आणि तिच्या भावाची नक्कल करून होते.
मी इतकी हसते की कठडा धरावा लागतो.

आई बाजूला. हातात बांगड्यांची पिशवी.
‘कितें सांगलें तिणें?’

मागीर, म्हटलं मी. तोंडाने. म अगदी स्वच्छ आला.

ती काही बोलली नाही. पाण्याकडे बघत राहिली,
उदकाकडे.
धक्का जवळ येत होता.
मी तिचा हात ओढला, तर्जनी सरळ केली,
माझ्या भुवईवर टेकवली.
बोट गार होतं, त्याला माशाचा वास होता.
वर झटकायचं तिला जमलं नाही.
तिने तसंच ठेवलं.