खाली हवा दाट आहे

एडिल्सन पोमा, सकाळी सातला माझं शटर वाजवतोस,
एल आल्तोच्या नळांत पाणी अजून गोठलेलं,
पाठीला ट्रॉम्बोन बांधलेला,
आणि म्हणतोस, निल्दाबाई, नुसतं ऐका.

ऐकलं.
फिल्टरचा डबा तू कापून टाकलायस,
सायलेन्सर नवा, मूठ आत जाईल एवढा रुंद,
एकशेपंचवीसचं इंजिन दोनशेचा आव आणतंय
आणि गल्लीतली कुत्री उठून बसलीयत.
आता ट्यूनिंग लागेल का, असा तुझा प्रश्न.
उत्तर घरूनच आणलंयस:
गाडी तर आधीपेक्षा मस्त पळते.

पळते. मी कुठे नाही म्हणते?
चार हजार मीटरवर हवा पातळ,
पाहुणे वाढल्यावर पातेल्यातलं सूप होतं तशी.
कारखान्याने जेट बसवलं समुद्रकाठच्या हिशोबाने,
म्हणून ती इथे जास्त प्यायची, कमी जाळायची,
प्लग काळा, धूर काळा.
तू तोंडं मोठी केलीस, हवा थोडी वाढली,
दोन चुका समोरासमोर आल्या
आणि बेरीज बरोबर निघाली.
याला ट्यूनिंग म्हणत नाहीत, पोरा.
ही फक्त या उंचीची मेहेरबानी.

उद्या तू खाली जाणार, कोरोइकोला, लग्नात वाजवायला.
तीन हजार मीटरचा घाट.
वळणावळणाला हवा दाट होत जाईल
आणि पेट्रोल तेवढंच.
उतारावर थ्रॉटल सोडलास की मागे फटाके फुटतील,
तुला वाटेल, वा!
पोरी वळून बघतील,
आत पिस्टन मुकाट्याने भाजत असेल.

माझ्या बापाला खाणीतून काढलं तेव्हा
डॉक्टर म्हणाला, सखल भागात न्या, तिथे हवा भरपूर.
नेलं. सांताक्रूझमध्ये आंब्याखाली खुर्ची टाकली.
हवा होती, हवी तेवढी.
त्याच्यात जाळायलाच काही उरलं नव्हतं.

जाऊ दे.

तुझं तू सांग.
खाली उकाड्यात पोचल्यावर
तो ट्रॉम्बोन आहे तसा तोंडाला लावतोस?
की आधी नळी दोन बोटं ओढून
सूर लावून घेतोस?
मग त्याला एक न्याय आणि हिला एक, असं का?

तू हसलास. खिसे उलटे करून दाखवलेस,
सायलेन्सरने सगळं खाल्लं होतं.
मी एकशेबाराचं जेट लॉटरीच्या तिकिटात गुंडाळलं,
तुझ्या वरच्या खिशात टाकलं, दहाचा पाना दिला.
तू ते घेतलंस
म्हातारीने दिलेली औषधी मुळी घ्यावी तसं,
न वापरण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.
योलोसाच्या खाली, धबधब्याच्या आवाजात ओरडत होतास:
ओढत नाही, तापलीय, टाकीला मांडी लागवत नाही.
प्लग काढ, म्हटलं. रंग सांग.
बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
मग तू म्हणालास, हळू,
शाळेतल्या खडूसारखा, बाई.

थंड होऊ दे. बस. केळं खा.
मग कार्ब्युरेटरची वाटी उतरव,
खालचं पितळी बोंडं दिसेल, एकशेदोन कोरलेलं,
ते काढ, माझं बसव.
घाई करून आटे मारू नकोस, पितळ मऊ असतं.
अर्ध्या तासाने पुन्हा फोन,
चौथ्या किकला चालू झाली.
दगडावर ठेवलेल्या फोनमधून मी ती ऐकली:
आधी खोकली, मग धरलं,
मग एकसारखी, खाली, भरलेली,
पोट भरल्यावर माणूस बोलतो तशी.
दहा किलोमीटर जा आणि पुन्हा रंग बघ, म्हटलं,
दूध घातलेल्या कॉफीचा हवा,
तुमच्याकडे खाली कॉफी चांगली मिळते.

तू पैशांचं काहीतरी बोलत होतास,
वर आल्यावर देतो, नक्की देतो.
आणि मी म्हणत होते, ते जुनं जेट फेकू नकोस, एडिल्सन,
वर येताना ते परत

लाइन तुटली.