घर बघावं खालून

मी घरं खालून बघतो.
डनेडिनच्या टेकड्यांवर, लाकडी घरांच्या पोटात,
जिथे माणसाला ताठ बसताही येत नाही
तिथे कोपरांवर सरपटत, कपाळाला बॅटरी बांधून.
वर तेव्हा गिऱ्हाइकं प्रेमात पडत असतात.
मला त्यांची पावलं ऐकू येतात.
नवखी पावलं आधी बंदराकडच्या खिडकीशी जातात
आणि तिथेच खिळतात.
बहुतेकदा नेमकी तिथलीच फळी कुजलेली असते.

मोराग आणि रेवी पहिल्यांदा आले ते यादी घेऊन.
सतरा कलमं.
तीन खोल्या. बंदर दिसायला हवं. शाळा चालत.
मागे सफरचंदाचं झाड.
सपाट अंगण.
सपाट! या गावात!
इथे पोराच्या हातून चेंडू सुटला
तर तो पोस्टाच्या दारात सापडतो.
आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून: ऊन.

मी म्हटलं, कागद उलटा धरा.
ती हसली. तो नाही हसला.
इथे सूर्य उत्तरेकडून जातो,
जूनमध्ये तर टेकडीमागून उशिरा उगवतो
आणि सही करून निघून जातो,
बदलीची ऑर्डर खिशात असलेल्या कारकुनासारखा.
दक्षिण उतारावरच्या घरात
टॉवेल सोमवारी वाळत घातला
तर शुक्रवारी तो फक्त शिळा होतो.

पहिल्या घराला बंदर होतं, आणि भिंतीत बुरशी.
दुसरं लिलावात गेलं,
यांच्या शेवटच्या आकड्याला कुणी वळूनही बघितलं नाही.
तिसरं परवडत होतं.
परवडत का होतं ते मला खाली कळलं.
चौथ्यानंतर मोराग गाडीत बसून रडली,
आणि रेवीनं यादीतून काय खोडलं
ते तिला दाखवलं नाही.

सातव्या घरी त्यांनी आत्याला आणलं.
हुइया आत्या. बालक्लुथाहून, थर्मास घेऊन.
मी खाली खांब मोजत होतो.
वर एक खुर्ची सरकल्याचा आवाज.
थोड्या वेळानं पुन्हा, वीतभर.
पुन्हा.
वाटलं, म्हातारीला जागा आवडत नाहीये.
बाहेर आलो, गुडघे झटकले, आत डोकावलो,
तर स्वयंपाकघरात कोट घालून ती एकटीच,
खुर्ची भिंतीपाशी पोचलेली,
मांडीवर उन्हाचा शेवटचा तुकडा.
"बावन्न मिनिटं," ती म्हणाली,
आणि चहा ओतायला लागली.

मी खाली जे दिसलं ते सांगितलं.
चार खांब बदलावे लागतील. पन्हळ गळतेय.
मागची खिडकी रंगानं चिकटलीय, बहुधा कायमची.
बंदर नाही. झाड आहे, पण शेजाऱ्याचं.
रेवीनं विचारलं, "तुम्ही घेतलं असतं?"

हे मी सांगायचं नसतं.
मी म्हटलं, माझ्या घरी मोरीचं दार
एकोणीस वर्षं लागत नाही.
घेताना ठरवलेलं, पहिल्या महिन्यात करू.
नोला आत असली की गुणगुणायची,
म्हणजे कुणी ढकलू नये.
आता माझ्याकडे वेळ आहे, रंधा आहे, पटाशी आहे.
तरी ते दार तसंच आहे.

कुणी काही बोललं नाही.
मोरागनं चिकटलेली खिडकी एकदा ढकलून बघितली.
नाही उघडली.
तिनं हात तिथेच ठेवला.

रात्री अहवाल लिहिला. अकरा दोष, अंदाजे खर्च,
सगळं मोजून, कुणाला बोट ठेवता येणार नाही असं.
मग खाली, जिथे फक्त सही करायची असते, तिथे
एक ओळ जास्तीची:
स्वयंपाकघरात ऊन, जून महिना, बावन्न मिनिटं.
मोजणी माझी नाही.