विरजण

पद्मावतीच्या दवाखान्यात बागवान मॅडमनी
गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला,
मग वही उघडून विचारलं,
"रोज न चुकता काय करता?"

मी तर काय काय चुकतं ते सांगायच्या तयारीने गेलो होतो.
तळजाईला फिरायला जाणं : सहा दिवस.
डायरी : नऊ जानेवारीपर्यंत.
चालायचे बूट अजून खोक्यात,
आतल्या कागदाच्या बोळ्यासकट.
ही यादी मला पाठ आहे. झोपेतही म्हणेन.

न चुकता?
बराच वेळ पंख्याकडे बघितलं.
"दही लावतो," म्हटलं, जरा शरमून.
"रात्री. एकट्यापुरतं, पाव लिटर दूध.
अकरा वर्षं झाली."

त्या हसल्या नाहीत.
"दूध कोमट व्हायला किती वेळ लागतो?"
"थंडीत पंधरा मिनिटं. उन्हाळ्यात विचारू नका."
"तोवर काय करता?"
"उभा असतो. ओट्यापाशी."
"मग उभेच राहा. फक्त टाचा उचला."

एवढंच. फी दोनशे रुपये.

तेव्हापासून धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
साडेनऊला पातेलं गॅसवरून उतरतं
आणि एक माणूस ओटा धरून वर-खाली होतो.
मध्येच करंगळी बुडवतो,
चटका बसला तर अजून दहा.
समोरच्या इमारतीतलं पोरगं आधी खिडकीत येऊन बघायचं,
आता तेही कंटाळलं.

रक्तदाबाच्या गोळीची पट्टी मी
विरजणाच्या वाटीच्या झाकणावर ठेवली.
ती उचलल्याशिवाय झाकण निघत नाही.
हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात बिनसलं.
भाचीचं लग्न, साताऱ्याला पाच दिवस,
परत आलो तर वाटीत हिरवी बुरशी.
त्या रात्री ओट्यापाशी गेलोच नाही.
गोळीही राहिली.
अंथरुणात जुनी यादी आपसूक ओठांवर आली,
खाली एक ओळ वाढवून.

सकाळी वाटी विसळून
पहिल्या मजल्यावर लोणकर वहिनींकडे गेलो.
चमचाभर द्याल का?
"अहो, हे तुमचंच," त्या म्हणाल्या.
"गणपतीत दिलं होतंत ना, तेच चाललंय अजून."

वाटी काठोकाठ भरून दिली त्यांनी, चमचाभर कसली.
दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, वर आलो.
कठड्याला हात लावला नव्हता
हे दाराशी खिशात किल्ली चाचपताना कळलं.