पाणी जास्त आहे

सोनोग्राफीच्या बाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या,
पाणी जास्त आहे.
मला हसूच आलं.
विडी घरकुलात पाचव्या दिवशी नळ येतो,
तोही रात्री अडीचला, करंगळीएवढा,
आणि माझ्याकडे
जास्त आहे म्हणे.

त्या हसल्या नाहीत.
कागदावर अठ्ठावीस लिहून
खाली दोनदा रेघ मारली.

आता सूप मांडीवर बसत नाही,
मांडीच उरली नाही.
तेंदूची पानं स्टुलावर ठेवून वळते,
हजार व्हायच्या, सहाशे होतात,
त्यातल्याही मूठभर
कारखान्यात छाट म्हणून बाजूला.

अत्तम्मा तांब्या हातातून काढून घेते.
तूच कमी पी, म्हणते.
तसं नसतं, हे तिला तेलुगूत सांगितलं, मराठीत सांगितलं.
अंबादास रात्रपाळीहून येतो,
पोटाला कान लावतो.
त्याच्या कानात अजून माग चालू असतो.
काहीच ऐकू येत नाही गं, म्हणतो.

साखरेचं पाणी पाजून रक्त घेतलं.
साखर नीट निघाली.
नीट निघाली, तरी बाईंचा चेहरा उतरला.
मग त्यांनी समजावलं:
बाळ आतलं पाणी पितं, सोडतं, पुन्हा पितं.
गिळत नसेल
तर साचत जातं.

आणि हेही, की एकदम फुटलं तर
उभी राहू नकोस,
नाळ आधी सरकते.
आडवी हो, कंबरेखाली उशी,
एकशे आठला फोन.
हे मी अत्तम्माकडून तीनदा म्हणून घेतलं,
पाढ्यासारखं.

रात्री उताणं झोपलं की दम कोंडतो.
भिंतीला टेकून बसते
आणि कुणी बघत नाही तेव्हा सांगते,
पी ना रे.
एक घोट.
सोलापुरात जन्माला येणारेस,
पाण्याला नाही म्हणायचं नसतं.

आज अडीचला नळ आधी नुसता फुसफुसला.
लक्कव्वा म्हणाली, तू हंडा उचलायचा नाहीस, बस.
बसले.
तेवढ्यात आत काहीतरी टकटकलं,
लाथ नव्हे, बारीक,
थांबून थांबून, एका तालात.
उचकी?
कोण आठवण काढतंय तुझी, अजून तर
नावसुद्धा नाही तुला.

उचकी म्हणजे गिळलं का?
का ठसका?
मंगळवारी विचारायचं.
मी मोजत होते, अकरा, बारा,
आणि लक्कव्वा ओरडत होती,
अगं भरला हंडा,
पाणी चाललंय वाया.