एकच व्यक्ती

फॉर्म मला पाठ आहे.
तीन वर्षं भरला, तिन्ही वेळा माझा.
या वर्षी निषादचा भरतेय.
तो शेजारी बसून शेंगा फोडतोय
आणि टरफलं माझ्या कीबोर्डवर.

फोटोला पांढरी पार्श्वभूमी, कान दिसले पाहिजेत.
जनकगंजच्या फोटोवाल्यानं केस मागे सारायला लावले
तेव्हा कळलं, कान बाबांचे आहेत,
पुढे आलेले, शेंड्याला सोललेले.
बाबांचे मीटर वाचत उन्हात फिरून सोलतात.
याचे कशानं?

डाव्या हाताचा अंगठा, मग चारही बोटं.
निळी शाई, कागद हलता कामा नये.
मी मनगट धरलं.
नाडी लागली हाताला.
मोजायची नव्हती.
ब्याण्णव.

कलेक्टोरेटच्या टेकडीखालीच टेम्पो सोडतो.
वर तोमरबाबूंनी मार्कशीट धरली, दाखला धरला.
एकीकडे इंगले, दुसरीकडे इंगाले.
"ये तो दो आदमी हुए."
बाबा म्हणाले, इंगळे.
वही तो, इंगले.
बाबा पुन्हा, जीभ टाळूला टेकवून: ळ.
बाबूंनी करून पाहिलं.
प्रयत्न प्रामाणिक होता.
पण त्यांच्या मशीनवर तो सापडेना.
चार पिढ्या लष्करात काढल्या आम्ही,
हे एक अक्षर घरात बोललो
आणि बाहेर पडताना खुंटीला टांगून ठेवलं.

मग स्टॅम्पपेपर, कुशवाह वकिलांचा शिक्का,
आणि टाइप करणाऱ्याच्या चहाचा एक गोल डाग:
शपथेवर सांगतो की इंगले आणि इंगाले
ही एकच व्यक्ती आहे.
ळ तिथेही नाहीच.

परीक्षेला अर्ध्या बाह्या, बारीक बटणं, चप्पल,
पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलून.
दीडला गेट लागलं.
त्याचं घड्याळ माझ्या मुठीत राहिलं.
गेटच्या या बाजूला मी पहिल्यांदाच उभी होते.
कडुनिंबाखाली कोणाच्या तरी वडिलांनी विचारलं,
पहली बार?
मी हो म्हटलं.

निकालानंतर फिटनेसचा दाखला.
त्यात विचारतात: ओळखीची खूण?
डाव्या भुवईत तिरका व्रण.
कुकरचं झाकण मीच फेकलं होतं, तो चार वर्षांचा.
जयारोग्यच्या कॅज्युअल्टीत तीन टाके.
टाके घालणारी ताई, इंटर्न असावी,
मला म्हणाली, बघायचंय का गं?
मी स्टुलावर चढून बघितलं.
तिथून सुरू झालं सगळं माझं.
त्याला रकाना नाही फॉर्ममध्ये.

फाइल माझीच दिली त्याला. नवी कशाला?
वरची चिठ्ठी ब्लेडनं खरवडली,
शाल्मलीतला शा मात्र निघेना.
आतल्या कप्प्यात माझे दोन फोटो उरलेले,
तारीख छापलेले, कान दिसणारे.
तिसऱ्या खेपेला तेवीस मार्क कमी पडले होते.
फोटो तिथेच राहू दिले.

रात्री कॉलेजांचा क्रम लावायला बसलो.
आई म्हणते, गजराजा पहिलं टाक, घरचा डबा जाईल.
बाबा म्हणतात, इंदूर.
तो कोणाकडेच बघत नाही.
आणि एक बंधपत्र असतं, मी सांगते,
शिकून झाल्यावर खेड्यात जायचं.
"चालेल," तो म्हणतो, "तिथे तू येशील का?"
काहीतरी उत्तर दिलं मी. चुकीचं दिलं बहुतेक.

लॉक करायच्या आधी ओटीपी येतो.
नोंदणीत नंबर माझा होता, सवयीनं टाकलेला.
माझा फोन ओट्यावर थरथरला.
सहा आकडे.
पंखा बंद केला, नीट ऐकू जावं म्हणून,
आणि एकेक आकडा त्याला वाचून दाखवला.