तिसऱ्या कवितेतला कुरव

पोर्टलेव्हनच्या त्या घरात
खिडकीला तीन रजया खिळ्यांनी ठोकून
मी समुद्र बाहेर ठेवला होता.
मिस पेलो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर,
मांडीवर वही, पायांत नुसते लोकरी मोजे.
बूट वाजतात, मीच म्हणालो होतो.

अंध मुलांच्या ग्रंथालयासाठी बारा कविता.
पहिली खेकड्याची, दुसरी आजारी छत्रीची.
तिसरीत त्यांनी वाचलं,
‘आणि मग कोणीच काही बोललं नाही’
आणि नेमका धुराड्यावरचा कुरव बोलला.

मी हात वर केला. पुन्हा घेऊ.
राहू दे, म्हणाल्या, टेप महाग असते.
चहाची एकच पुडी दोन कपांत बुडवणाऱ्या बाई.

वसंतात प्रेस्टनहून पत्र आलं,
जाड कागद, नुसते उठावाचे ठिपके.
पोस्टातल्या बाईंच्या भावाला ब्रेल येत होतं
पण तो संध्याकाळी मोकळा होणार,
तोवर दिवसभर ह्या कागदावरून बोटं फिरवत बसल्या,
तांदळातले खडे शोधावेत तशा.

डल्सी हार्ग्रीव्ह्ज, वय नऊ:
कविता बऱ्या आहेत.
पण तो पक्षी एकदाच का बोलतो?
त्याला पुढची ओळ येत नव्हती का?

दुसऱ्या टेपच्या वेळी
त्यांनी मला रजया काढायला लावल्या.
छपरावर पाव फेकला, मग मॅकरेलची डोकी.
आम्ही कान देऊन बसलो.
वारा आला, दुधाची गाडी आली,
कोणाची तरी मोटारसायकल चढावर खोकली.
कुरव काही फिरकला नाही.
शेवटी त्रेसष्ट वर्षांच्या मिस पेलोंनी
ताठ बसून, मान उंचावून
स्वतःच एक आरोळी ठोकली.
काटा लाल रेघेपार गेला.
मी ओठ चावून रिळाकडे बघत राहिलो.

उत्तर पंधरा दिवसांत:
हा वेगळा पक्षी आहे.
ह्याला सर्दी झाली आहे.
पहिला भेटला तर
मी विचारलं म्हणून सांगा.

आता एक्सेटरच्या तळघरात
तीच रिळं संगणकात उतरवतोय.
माझी नजर कमी झालीय, म्हणून शेजारी कॅलम.
पडद्यावर मिस पेलोंचा आवाज,
ठेंगण्या टेकड्यांची रांग,
मध्येच एक सुळका.
कॅलम त्यावर बाण नेऊन थांबतो.
हा कचरा ना? एका बटणात जाईल.

थांब, म्हणतो मी.
ह्याला एक निरोप द्यायचा राहिलाय.